गोणपाट : एका शब्दाची जात

प्रतापगड म्हटले की वाचकाला साताऱ्याकडचा किल्ला आठवतो. मी म्हणतो तो गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला. हा धानाचा मुलूख. इथे धान-खरेदीच्या दिवसांत हमालापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘बारदाना’ असतो. शब्द फारसी, बार म्हणजे ओझे. पण पोते ज्या कापडाचे, त्या गोणपाटाचे कूळ फार जुने आहे.

गोण आणि पट मिळून गोणपाट. पाणिनीला ‘गोणी’ पिशवी म्हणून मान्य आहे. पतंजली मात्र गाईला ‘गोणी’ म्हणणे हा अपभ्रंश ठरवतो. शुद्ध काय, तर ‘गौः’. आणि पालीत बैलाला सरळ ‘गोण’च म्हणतात! बुद्धवचन ज्या भाषेत राहिले तिचा रोजचा शब्द व्याकरणाच्या उंबऱ्यावरच बाटला.

पुढे हीच गोणी इंग्रजीत ‘गनी’ झाली. बंगालात रिश्रा येथे १८५५ साली तागाची गिरणी निघाली. त्याआधीचे इथले गोणपाट हातमागावरचे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात जुन्या मध्य प्रांतातली पटबिना ही सण पिकवून गोणपाट विणणारी जात नोंदलेली आहे. म्हणजे कापड विणणाऱ्यालाही जात चिकटलीच.

मनुस्मृती ब्राह्मण ब्रह्मचाऱ्याला सणाचे वस्त्र सांगते. तिथे खरखरीतपणा हे व्रत. तीच दहाव्या अध्यायात चांडाळाला प्रेतावरचे वस्त्र नेमून देते. विनयपिटकातही भिक्षूंना मोकळ्या असलेल्या सहा प्रकारच्या चीवरांत सणाचे चीवर आहे. ते पांघरणाऱ्याची जात तिथे विचारलेली नाही.

आता त्या दुसऱ्या प्रतापगडाच्या जिल्ह्यात जाऊ. साताऱ्याच्या शाळेतली आपली बैठक बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये सांगितली आहे. कोपऱ्यात वेगळे गोणपाट. झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे, सकाळी परत आणायचे. मला इथे एक साधा प्रश्न पडतो. त्याच कापडाच्या पोत्यातले धान्य सवर्णांच्या चुलीपर्यंत बिनबोभाट जात होते. मग विटाळ कापडात कुठे होता? मूल बसले, आणि कापड अस्पृश्य झाले.

गोणपाट म्हणजे जाडेभरडे कापड, एवढ्यावर कोशकार थांबतात. ‘अस्पृश्य मुलाने घरून आणायचे आसन’ हा अर्थही तिथे छापला पाहिजे. शिक्षक-विद्यार्थी मित्रांनी आपापल्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारावे: शाळेत तुमच्याखाली काय होते? उत्तर त्यांच्याच शब्दांत, गाव आणि साल घालून लिहून ठेवावे.