एस्टोनियातील आंतरजाल-मतदान आणि पक्षभेद

मतदानाचे साधन पक्षनिरपेक्ष असते, असे लोकशाहीच्या विचारात सामान्यतः गृहीत धरले जाते. एस्टोनियाचा २००५ पासूनचा अनुभव या गृहीताची परीक्षा पाहणारा आहे.

२००२ मध्ये सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राच्या आधारे ऑक्टोबर २००५ च्या स्थानिक निवडणुकांत तेथे आंतरजालावरून मतदान सुरू झाले. असे मत मुदतीत पुन्हा बदलण्याच्या सवलतीस राष्ट्राध्यक्ष आर्नोल्ड रुटेल यांनी समानतेच्या तत्त्वावर हरकत घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. घरी दिलेल्या मतावर इतरांचे दडपण येऊ शकते. म्हणून ते बदलण्याची मुभा मतस्वातंत्र्याचे रक्षणच करते, असा निर्णयाचा आशय होता. २००५ मध्ये दोन टक्क्यांहूनही कमी मतदारांनी वापरलेला हा मार्ग २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतदारांनी स्वीकारला.

परंतु दोन्ही मार्गांनी आलेल्या मतांचा कल सारखा नव्हता. आंतरजालावर रिफॉर्म पक्षाचे पारडे जड असे, तर रशियन भाषिकांत पाठबळ असलेला सेंटर पक्ष कागदी मतांत पुढे असे. पुढे या पद्धतीचा प्रमुख विरोधक म्हणून राष्ट्रवादी एक्रे पक्ष उभा राहिला. मार्च २०२३ मध्ये कागदी मतांत एक्रे आघाडीवर होता. आंतरजालीय मते मिळविताच रिफॉर्म पक्षास १०१ पैकी ३७ व एक्रेस १७ जागा मिळाल्या. एक्रेची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

केवळ ही तफावत गैरप्रकाराचा पुरावा ठरत नाही. जो पक्ष एखादा मार्ग अविश्वसनीय ठरवितो, त्याचे अनुयायी साहजिकच त्या मार्गापासून दूर राहतात. त्यामुळे तफावत वाढते आणि वाढलेली तफावत पुन्हा अविश्वासाचे कारण म्हणून पुढे केली जाते.

तथापि विरोधकांचा मूळ प्रश्न यामुळे निकालात निघत नाही. कागदी मतांची मोजणी सामान्य नागरिकास डोळ्यांनी पाहता येते. याच कारणास्तव जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने २००९ मध्ये, निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष ज्ञानाविना पडताळता आले पाहिजेत, असे मतदानयंत्रांच्या प्रकरणी ठरविले. एस्टोनियाने २०१३ पासून मतदारास आपले मत मोबाइलवर पडताळण्याची सोय दिली. परंतु संपूर्ण मोजणीची तपासणी तज्ज्ञांवरच अवलंबून राहिली.

निवडणुकीचा निकाल पराभूत पक्षालाही मान्य व्हावा लागतो. मतदानाचा मार्गच पक्षाची खूण बनला, की ही मान्यता मिळविणे कठीण होते. आंतरजालीय लोकशाहीचे यश केवळ वापरकर्त्यांच्या संख्येवरून मोजणे, म्हणूनच, अपुरे ठरते.