वेल की रेणू? आयावास्काच्या काढ्यांचे वर्गीकरण

ॲमेझॉन खोऱ्यातील आयावास्का या काढ्याची व्याख्या हल्ली समीकरणासारखी दिली जाते: डीएमटी हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य असलेली एक वनस्पती आणि ते डीएमटी पोटात टिकू देणारी दुसरी. समीकरण खोटे नाही. डीएमटी नुसते गिळले तर आतड्यातील व यकृतातील मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचे वाटेतच विघटन करते. बॅनिस्टेरिऑप्सिस कापी या वेलीतील हार्मिन आणि हार्मलिन ही अल्कलॉइडे त्या विकराला काही तास रोखून धरतात, आणि चाक्रूना या झुडपाच्या पानांतील डीएमटी मेंदूपर्यंत पोहोचते. डेनिस मॅकेना आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हा तर्क प्रयोगशाळेत तपासून दाखवला. पण या एकाच कसोटीला सगळी पेये लावायला घेतली, तर परंपरेतील बरेच काही बाहेर राहते.

रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये ब्राझीलमधील वाउपेस नदीकाठी पाहिलेले पेयच घ्या. वेलीचा खालचा भाग पाणी घालून उखळात कुटायचा, क्वचित दुसऱ्या एका वनस्पतीची थोडी बारीक मुळे टाकायची, आणि गाळून प्यायचे. चूल नाही, चाक्रूना नाही. त्याने जमवलेल्या वेलीच्या नमुन्यांचे रासायनिक परीक्षण शंभराहून अधिक वर्षांनी झाले, तेव्हाही त्यांत अल्कलॉइड शिल्लक होते. आयुर्वेदाच्या परिभाषेत सांगायचे तर वाउपेसचे पेय ‘हिम’ या कल्पनेच्या जवळचे, तर पेरूतील शिपिबो लोकांचे पेय सरळसरळ ‘क्वाथ’: वेल आणि चाक्रूना तासन्‌तास उकळून आटवलेला. दक्षिण कोलंबियात पुतुमायो भागातील कोफान, सिओना आणि इंगा लोक याच पेयाला याहे म्हणतात. तिथे चाक्रूनाऐवजी चालिपोंगा या दुसऱ्या वेलीची पाने पडतात. म्हणजे पाने बदलतात, अग्नी कधी असतो कधी नसतो, पण कापीची वेल सुटत नाही.

या वेलीतही भेद आहेत. युनियाओ दो वेजेताल या ब्राझिलियन पंथाचे लोक गाठीगाठींची ‘काउपुरी’ आणि गुळगुळीत ‘तुकुनाका’ असे दोन प्रकार मानतात. वाउपेस भागातील जमाती तर अनेक प्रकार ओळखतात आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा सांगतात. वनस्पतिशास्त्र मात्र या सगळ्यांना एकच जाती म्हणून नोंदवते. रिचर्ड इव्हान्स शुल्टेससारख्या ॲमेझॉनमध्ये आयुष्य घालवलेल्या संशोधकालाही हे स्थानिक भेद बुचकळ्यात टाकत. पानावरून किंवा फुलावरून न दिसणारा फरक वेलीच्या वयात, उगवण्याच्या जागेत वा रसायनांच्या प्रमाणात असू शकतो. त्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे मला घाईचे वाटते.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. १९८६ मध्ये एका अमेरिकन नागरिकाने ‘दा वाइन’ नावाने याच वेलीच्या एका प्रकाराचे पेटंट मिळवले. ॲमेझॉन खोऱ्यातील आदिवासींच्या महासंघाने हरकत घेतल्यावर १९९९ मध्ये ते रद्द झाले, २००१ मध्ये पुन्हा बहाल झाले आणि २००३ मध्ये मुदत संपून निकालात निघाले. हळदीचे अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने रद्द करवले, त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर संस्थेचे प्रमुख होते. ती लढाई आठवणाऱ्या मराठी वाचकाला या गोष्टीतला पेच समजावून सांगायला नको.

परंपरेतील सर्वांत धोकादायक प्रकार वेल-पानाच्या जोडीत आणखी काही घालण्याचे. तंबाखू हा त्यातला सामान्य भाग. ‘तोए’ मात्र गंभीर आहे, कारण ते ब्रुगमान्सिया, आपल्या धोतऱ्याच्याच कुळातले झाड. त्यातील स्कोपोलामिनचा डीएमटीच्या समीकरणाशी काही संबंध नाही, त्यामुळे सुरू होणारा भ्रम वेगळ्याच जातीचा असतो आणि मात्रा चुकली तर जीव जातो.

गंमत अशी की विसाव्या शतकातील धार्मिक पंथांनी प्रकार वाढवले नाहीत, उलट कमी केले. रायमुंदो इरिनेऊ सेरा यांनी १९३० मध्ये रिओ ब्रांकोत सुरू केलेला सांतो दाइमी आणि १९६१ मध्ये जोझे गाब्रिएल दा कोस्ता यांनी स्थापलेला युनियाओ दो वेजेताल या दोघांनीही पेय दोनच वनस्पतींवर आणून ठेवले. दाइमीच्या प्रथेत पुरुष वेल ठेचतात आणि स्त्रिया पाने निवडतात.

खरी फाटाफूट झाली ती वेल सोडल्यावर. जोनाथन ऑट यांनी १९९४ च्या पुस्तकात इतर वनस्पतींच्या जोड्यांची पद्धतशीर मांडणी केली. त्यात वेलीच्या जागी प्रामुख्याने हरमल हे झुडूप आले. हार्मलिन हे अल्कलॉइड मुळात १८४१ मध्ये हरमलच्याच बियांतून वेगळे केले गेले होते, म्हणून रसायनशास्त्राच्या नजरेत हा बदल स्वाभाविक. पण हरमलच्या बियांत अल्कलॉइडांचे प्रमाण वेलीपेक्षा कितीतरी जास्त असते, वेलीत भरपूर असलेले टेट्राहायड्रोहार्मिन जवळजवळ नसते, आणि अडुळशात सापडणारे व्हॅसिसिन असते, ज्याने गर्भाशय आकुंचन पावतो. विकर दोन्ही रोखतात, म्हणून दोन्ही एकच ठरत नाहीत.

ईशान्य ब्राझीलमधील झुरेमा हे पेय तर समीकरणच उलटे टांगते. मिमोसा टेन्युइफ्लोरा या काटेरी झाडाच्या मुळांची साल, थंड पाणी, आणि जुन्या पद्धतीत विकर रोखणारी दुसरी कोणतीही वनस्पती नाही. गोन्साल्वेस दे लिमा यांनी १९४६ मध्ये या सालीतून काढलेला पदार्थ पुढे डीएमटीच ठरला. मग तोंडाने घेऊन ते परिणाम कसे करते, याचा उलगडा अजून पूर्ण झालेला नाही. आजकालचे काही लोक त्यात हरमल घालून प्रश्न मिटवतात, पण मिटतो तो त्यांच्यापुरता.

औषधोपचाराच्या चर्चेतही हीच गफलत चालते. ब्राझीलमधील नाताल शहरात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रुग्णांपैकी काहींना एकदाच आयावास्का दिला गेला. सातव्या दिवशी त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांत, तर मळमळ आणणारे लटके पेय घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांत लक्षणीय सुधारणा दिसली. पण आयावास्का घेतलेल्या सगळ्यांना दिलेला काढा एका धार्मिक पंथाने शिजवलेल्या एकाच घाण्यातला होता. तो निष्कर्ष हरमलच्या चूर्णाला, ऑस्ट्रेलियातील बाभूळवर्गीय सालींच्या मिश्रणाला किंवा शीत-शुष्क कॅप्सूलला आपोआप लागू करणे अशास्त्रीय आहे.

वर्गीकरण करायचेच तर आधी वेल आहे की नाही हे विचारावे, मग अग्नी, मग भर घातलेल्या वनस्पती, आणि रेणू सर्वांत शेवटी. धोक्याच्या बाबतीत मात्र रेणूलाच पहिला मान द्यावा लागतो. नैराश्यावरची सेरोटोनिन वाढवणारी औषधे चालू असताना वेल काय किंवा हरमल काय, विकर रोखणारे काहीही पोटात गेले तर प्रकरण जिवावर बेतू शकते. आणि भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या परिशिष्टात डीएमटीचे नाव आहे.