पत आणि जात : बाबासाहेबांच्या अर्थशिक्षणाचा विसरलेला इतिहास

दरवर्षी जून-जुलैत प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की एक वाद आमच्या कानावर हमखास येतो. वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी बी.कॉम., बीबीए, एमबीए नाहीतर सीएच्या वाटेला लागते आणि चळवळीतलाच कुणीतरी ज्येष्ठ विचारतो, "हे शेटजींचं शिक्षण घेऊन समाजाला काय देणार? वकील व्हा, प्राध्यापक व्हा." दुसऱ्या बाजूला तो मुलगा मनात म्हणत असतो की मला पॅकेज मिळाले की झाले, जातीचा प्रश्न आपोआप मागे पडेल. आमचे म्हणणे असे की या दोघांनीही बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन नीट पाहिलेले नाही.

आपल्या फलकांवर बाबासाहेब कोट घालून, हातात संविधान घेऊन उभे असतात. ते योग्यच आहे. पण परदेशात त्यांनी सर्वाधिक वर्षे ज्याचा अभ्यास केला तो विषय होता पैसा. सरकारचा पैसा कुठून येतो, कुणाच्या खिशातून येतो, कुणावर खर्च होतो, आणि रुपयाची किंमत कोण ठरवतो. कायद्याचा अभ्यास त्यांनी याच्या जोडीने केला. बॅरिस्टर ते नंतर झाले, अर्थशास्त्रज्ञ आधी.

आणि हे शिक्षण त्यांनी नोकरीच्या तयारीसाठीच सुरू केले होते, हेही स्पष्ट सांगायला हवे. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. त्या बदल्यात दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांसाठी. आजच्या भाषेत हा बॉन्डच. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते आणि घरचा भार अंगावर होता.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. सार्वजनिक वित्ताचे नावाजलेले अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारतातील व्यापारावर लिहिले आणि त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा व अर्थव्यवहाराचा हिशेब मांडला. 'भारतातील जाती' हा जगभर वाचला जाणारा निबंध ९ मे १९१६ चा, तोही याच काळातला. एकाच टेबलावर एका बाजूला जात आणि दुसऱ्या बाजूला जमाखर्च, असा हा अभ्यास चालला होता. आपण मात्र त्यातली एकच बाजू उचलली.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन १९१७ मध्ये त्यांना भारतात परतावे लागले.

पुढे काय झाले ते आपल्याला पाठ आहे. बडोद्यात सयाजीरावांच्या दरबारी नोकरी, पारशी धर्मशाळेतला मुक्काम, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन दारात उभा राहिलेला जमाव. हा प्रसंग आपण भाषणांत सांगतो. त्यानंतर मुंबईत घडलेला प्रसंग मात्र आपण सांगत नाही, आणि वित्त-व्यवसाय शिकणाऱ्या आजच्या मुलामुलींसाठी तो अधिक मोलाचा आहे.

बडोद्याहून परतलेल्या बाबासाहेबांनी पोटासाठी शिकवण्या घेतल्या, हिशेबाची कामे केली. मग त्यांनी शेअर्स आणि रोखे यांचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. होय, शेअर बाजार! मुंबईच्या बाजारात, कोलंबियात शिकलेला एक तरुण गुंतवणुकीचा सल्ला द्यायला बसला. सुरुवातीला लोक आले. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळल्यावर मात्र यायचे बंद झाले आणि धंदा बसला.

या एका घटनेवर आपण थांबायला हवे. त्यांच्या ज्ञानात काही कमी होते का? त्या काळच्या मुंबईत त्यांच्याइतके अर्थशास्त्र शिकलेली माणसे किती असतील? सल्ला चुकला म्हणून गिऱ्हाईक गेले नाही, सल्ला देणाऱ्याची जात कळली म्हणून गेले. आपल्याला शाळेपासून सांगितले जाते की पैशाला जात नसते, बाजार फक्त नफा पाहतो. पण बाजार पतीवर चालतो, आणि पत म्हणजे या माणसावर विश्वास ठेवावा की नाही याचा समाजाने आधीच दिलेला निकाल. आपल्या भाषेत उधारी मिळण्याची लायकी आणि समाजातली इज्जत या दोन्हींना 'पत' हा एकच शब्द आहे, तो उगाच नाही.

हा निकाल लिहूनही ठेवला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर दिले आहेत, तेही वर्णानुसार. ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा २, क्षत्रियाकडून ३, वैश्याकडून ४ आणि शूद्राकडून ५. ज्याच्याकडे सर्वांत कमी त्याने सर्वांत जास्त द्यायचे. दहाव्या अध्यायात तर शूद्राला धनसंचयच नाकारला आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा सोबत हे व्याजाचे कोष्टकही जळाले, हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण तो ग्रंथ फक्त पाण्याच्या आणि स्पर्शाच्या अंगाने वाचतो.

पेढी बसल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३ साली सुरू झालेले हे वाणिज्य शिक्षणाचे कॉलेज. म्हणजे ज्या वर्गांत उद्याचे व्यापारी, बँकर, हिशेबनीस घडत होते, तिथे शिकवायला एक महार प्राध्यापक उभा. सुरुवातीला नाके मुरडणारे विद्यार्थी पुढे कान देऊन ऐकू लागले. इतर कॉलेजांतली मुलेही त्यांच्या तासाला येऊन बसत. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच. चलनावर व्याख्यान ऐकायला चालते, पाणी चालत नाही! याच नोकरीत असताना ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव देता येत नव्हते, म्हणून पांडुरंग भटकरांचे नाव होते.

पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपयांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. बाजाराने ज्याची पत नाकारली त्याला एका मित्राने पत दिली. (बडोद्यात काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि हा जिवाभावाचा दोस्तही पारशी. माणसे अख्ख्या समाजाच्या मापाने मोजू नयेत, हेही इथे लक्षात राहू द्या.)

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. त्यानंतर डी.एस्सी.चा प्रबंध, 'रुपयाचा प्रश्न'. परीक्षकांनी तो बदलून पुन्हा लिहायला सांगितला. १९२३ अखेर पदवीही मिळाली आणि पुस्तकही निघाले. प्रा. एडविन कॅनन यांनी मतभेद नोंदवून का होईना, पण प्रस्तावना लिहिली. या ग्रंथात बाबासाहेब केन्स यांच्या विरोधात उभे आहेत. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या आणि पुढे सुवर्ण विनिमय पद्धत आणली. केन्स तिचे समर्थक होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा की या पद्धतीत चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते, रुपया लंडनच्या तुलनेत स्थिर दिसतो, पण गावच्या बाजारात त्याची खरेदीची ताकद घसरत राहते. भाव वाढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असे गिरणीवाले व व्यापारी म्हणत. त्यावर बाबासाहेबांनी दाखवले की हा देशाचा नफा नाही. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या मजुरीतून काढलेला तो नफा आहे.

चलनासारख्या कोरड्या विषयात मजूर कुठे आहे हे शोधणारी ही नजर त्यांना केवळ विद्यापीठाने दिली नव्हती. पण विद्यापीठाशिवाय ती केन्ससमोर उभी राहू शकली नसती.

१५ डिसेंबर १९२५ ला त्यांनी भारतीय चलनाविषयीच्या शाही आयोगासमोर, म्हणजे हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'रिझर्व्ह बँकेचे संस्थापक' हे वाक्य मात्र आम्हाला पटत नाही. विरोधकाच्या हाती आयते कोलीत कशाला द्यायचे? अस्पृश्य म्हणून ज्याची पेढी बसली, त्याचेच म्हणणे सात-आठ वर्षांत साम्राज्याच्या चलन आयोगाला ऐकून घ्यावे लागले, हे सत्य पुरेसे मोठे आहे.

१९२५ मध्येच त्यांचा कोलंबियाचा प्रबंध 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती' सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह छापून आला. १८३३ पासून केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी बदलत गेली, याचा हा इतिहास. आज राज्यघटनेच्या कलम २८० नुसार नेमला जाणारा वित्त आयोग ज्या प्रश्नाशी झुंजतो, तोच हा प्रश्न. आणि जून १९२५ पासून जवळपास तीन वर्षे बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. चळवळ ऐन भरात असताना ते हिशेबनीस घडवणाऱ्या वर्गावरही जात होते.

आता १९२७ चे वर्ष पाहा. २४ फेब्रुवारीला मुंबई विधिमंडळात बाबासाहेब अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहतात आणि विचारतात की मिळकत ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर प्राप्तिकर माफ होतो, मग एक-दोन एकराच्या शेतकऱ्याला, पीक येवो न येवो, सारा का भरावा लागतो? त्यानंतर महिन्याच्या आत, २० मार्चला, चवदार तळे. त्याच वर्षी कोलंबियाची पीएच.डी. रीतसर बहाल झाली. विधिमंडळातले भाषण आणि तळ्यावरचा सत्याग्रह आपण दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. तळे सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या नगरपालिकेच्या ताब्यात होते. सार्वजनिक पैशावर आणि सार्वजनिक पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे होता.

म्हणून ज्येष्ठांना आमचे सांगणे आहे की वित्त आणि वाणिज्य हे 'शेटजींचे शिक्षण' बाबासाहेबांनी कधी मानले नाही. मानले असते तर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढलेच नसते. विधी महाविद्यालय त्यानंतर, १९५६ मध्ये आले. हा क्रम ध्यानात घ्या.

आणि मुलामुलींना सांगणे असे की चांगली नोकरी जरूर मिळवा, लाज बाळगू नका. बाबासाहेबांनीही बॉन्डवर सही केली होती. पण पदवी हातात आली की बाजार जात विचारणे सोडतो, या भ्रमात राहू नका. आज कुणी पाण्याच्या भांड्यावरून बोलत नाही. मुलाखतीत आडनाव विचारतात, 'वडील काय करतात' विचारतात, कर्जाच्या अर्जाला तारण आणि ओळखीचा जामीनदार मागतात. तीन पिढ्या जमीन नसलेल्या घराने तारण आणायचे कुठून? पत आजही वारशाने येते.

परदेशी शिक्षणाचेही तेच. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. प्राचीन भारतातील व्यापारावर एम.ए. करू इच्छिणारा आणि जातीच्या उत्पत्तीवर निबंध लिहिणारा भीमराव आज तिथे अर्ज घेऊन गेला, तर खिडकीवरचा कारकून त्याला काय सांगेल?

एक काम मात्र वाणिज्य शिकणारी आपली मुले आजच करू शकतात. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखण्याची योजना १९७९ पासून कागदावर आहे. तो निधी दुसऱ्या खात्यांकडे, दुसऱ्या योजनांकडे वळवल्याच्या बातम्या येतात, आपण निषेधाचे पत्रक काढतो आणि विसरतो. पत्रकात आकडे नसतात. महाराष्ट्र शासनाच्या बीम्स या संगणक प्रणालीत कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद झाली, किती वितरित झाली आणि किती खर्च पडली हे दिसते. अंदाजपत्रकाची पुस्तकेही संकेतस्थळावर असतात. लेखाशीर्ष वाचायला कॉलेजात शिकलेले मूल प्रत्येक तालुक्यात एक तरी आहे. येत्या मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा प्रत्येक तालुक्यातल्या दोघा-तिघांनी बसून आपल्या जिल्ह्याच्या वसतिगृहांचे आणि शिष्यवृत्तीचे तीन वर्षांचे आकडे काढावेत, ते एका कागदावर मांडावेत आणि तो कागद घेऊन समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या दारात जावे.