मवाळ आवाज म्हणजे शरणागती नव्हे : मिकमाक कवयित्री रिटा जो

शोषितांच्या साहित्यात विद्रोह शोधताना आपण बहुतेक वेळा आवाजाची पट्टी मोजतो. शांतपणे बोलणारा लेखक मग आपल्याला तडजोडवादी वाटतो. कॅनडातील मिकमाक या आदिवासी समाजाच्या कवयित्री रिटा जो यांना असेच वाचले, तर त्यांच्यावर अन्याय होईल.

त्यांचा जन्म 1932चा, नोव्हा स्कोशिया प्रांतातील केप ब्रेटन बेटावरच्या व्हायकोकोमाह या वस्तीतला. पाच वर्षांच्या असताना आई गेली, पुढे वडीलही गेले. बालपण या घरातून त्या घरात काढले. बाराव्या वर्षी त्यांनी आदिवासींच्या कारभारावर नेमलेल्या सरकारी एजंटला स्वतः पत्र लिहिले : मला शुबेनॅकडीच्या निवासी शाळेत घ्या.

ही शाळा 1930 ते 1967 चालली. कॅथलिक चर्चच्या हाती असलेल्या या शाळेत मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. मग एक मुलगी तिथे आपणहून गेली, म्हणजे शाळा चांगली होती का? मुळीच नाही. अनाथ आदिवासी मुलीला शिक्षणासाठी दुसरे दार उघडे नव्हते, एवढेच यातून सिद्ध होते. पर्यायच नसतो, तेव्हा त्याला निवड म्हणता येत नाही.

त्या शाळेने भाषा हिरावली आणि इंग्रजी लिहायला शिकवले. रिटा जो यांनी तेच इंग्रजी पुढे हत्यार केले. एस्कासोनी या मिकमाक वस्तीत संसार करताना, आपल्या मुलांच्या वाट्याला येणारी आदिवासींची विकृत प्रतिमा त्यांना सहन झाली नाही. त्या लिहू लागल्या. 1978मध्ये पहिला कवितासंग्रह आला, 1996मध्ये आत्मकथा. आत्मकथेत घरात सोसलेली मारहाणही त्यांनी झाकून ठेवली नाही. समाजाची बाजू मांडायची म्हणून बाईने स्वतःचे दुःख गिळावे, ही अट त्यांनी मानली नाही.

त्यांचा सूर सौम्य होता, हे खरे. पण त्या सौम्य सुरात मागणी काय होती? आमची भाषा आम्हाला परत मिळवू द्या, आणि आम्ही कोण आहोत हे आमच्या तोंडून ऐका. ही दयेची याचना नव्हती. स्वतःची व्याख्या स्वतः करण्याचा तो दावा होता.

कॅनडाने त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मान दिला, 1992मध्ये प्रिव्ही कौन्सिलवर घेतले. मात्र निवासी शाळांबद्दल देशाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती 2008मध्ये. रिटा जो 2007मध्येच वारल्या होत्या. या शाळा म्हणजे सांस्कृतिक वंशसंहार होता, असा निष्कर्ष सत्य आणि सलोखा आयोगाने 2015मध्ये काढला. मिकमाक ही प्रांताची मूळ भाषा असल्याचा कायदा नोव्हा स्कोशियाने 2022मध्ये केला.

हा क्रम नीट पाहा. कवीला पदक लवकर मिळते, समाजाला न्याय उशिरा. म्हणून सत्तेने गौरवलेला लेखक वाचताना त्याच्या पदकांवर थांबू नका. त्याने काय मागितले होते आणि त्यातले किती मिळाले, हे विचारा.