लष्करचा बाडा : छावणीतून बाजारपेठ

ग्वाल्हेरच्या जुन्या बाजारपेठेचा इतिहास तिच्या नावांतच नोंदलेला आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याजवळ तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही आणि त्या वस्तीला ‘लष्कर’ हेच नाव पडले. फौजेमागे बाजारबुणगे येतात, तसे येथेही वाणी, सराफ, कासार आले आणि स्थायिक झाले.

मराठी कागदपत्रांत कवायती पलटणींना ‘कंपू’ म्हणत. येथे तो एक मोहल्ला आहे. धन्याच्या खास फौजेची ‘हुजुरात’ हुजरात पुलाच्या नावात उरली, तर तोफखान्याशी निगडित ‘जिन्सी’ एका नाल्याला चिकटली. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज ही राज्यकर्त्यांची नावे. फाळक्यांचा ‘फालका बाजार’ झाला आणि आपला ‘वाडा’ हिंदीच्या ओठी ‘बाडा’ झाला.

या महाराज बाड्याभोवती टपाल कचेरी, बँक, टाऊन हॉल, शासकीय मुद्रणालय आणि व्हिक्टोरिया मार्केट अशा निरनिराळ्या शैलींच्या इमारती उभ्या राहिल्या. पैसा, छपाई, टपाल आणि खरेदी एकाच चौकात होत असल्याने नोकरदाराचे सारे व्यवहार तेथेच उरकत.

१९४८ मध्ये मध्यभारत राज्य झाले आणि मोतीमहालात सचिवालय आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली, तरी राजस्व मंडळ, भूअभिलेख, अबकारी, परिवहन यांसारखी मुख्यालये ग्वाल्हेरातच राहिली. त्यामुळे बाड्याचे गिऱ्हाईक टिकले. ऐंशीच्या दशकात आम्ही नोकरीस लागलो, तेव्हाही पगाराच्या संध्याकाळी कचेरीतील मंडळी परस्पर बाड्यावर जात. आधी वाण्याची उधारी चुकती व्हायची, मग मुलांच्या वह्या, हिवाळा असेल तर गजक, आणि वर्षअखेरीस मराठी पंचांग. दुकानदार हिशेब हिंदीत लिही. पण मराठी घरातील लग्नाला काय काय लागते, हे त्यास न सांगता ठाऊक असे.

पुढे कचेऱ्या नव्या वसाहतींकडे सरकल्या, गिऱ्हाईक विखुरले. २०१० मध्ये व्हिक्टोरिया मार्केट आगीत सापडले. नंतर बाड्यावरील जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराकडे लक्ष गेले, ही समाधानाची गोष्ट होय. दगड दुरुस्त करता येतो; नावाचा अर्थ मात्र जाणणारे असतील तोवरच टिकतो. आज जिन्सी म्हणजे काय, हे तेथे राहणाऱ्या मराठी तरुणालाही सांगता येत नाही.

येथील मराठी संस्थांनी एवढे तरी करावे : मोहल्ल्यामोहल्ल्यांतील वृद्धांकडून नावे, दुकाने आणि व्यवहार यांच्या आठवणी टिपून घ्याव्यात, आणि महानगरपालिकेच्या फलकांवर नावाखाली त्याचा अर्थ दोन ओळींत लिहिला जावा, असा आग्रह धरावा. खर्च थोडा आहे. सांगणारे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.