पंचांगाच्या पानावरून आकाशाकडे

मराठी घरांतून आकाशाची चौकशी पूर्वी होत असे ती बहुधा पंचांगाच्या निमित्ताने. ग्रहण केव्हा लागणार, संक्रांत कोणत्या दिवशी, अधिक महिना कोणता, हे प्रश्न व्रतवैकल्यांशी व लग्नमुहूर्तांशी निगडित असल्याने त्यांची उत्तरे सर्वांनाच हवी असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नांना एकाऐवजी दोन-दोन उत्तरे मिळू लागली. त्यांतील खरे कोणते, याचा निवाडा पोथीने करावा की डोळ्याने, असा वाद उभा राहिला. मराठीतील हौशी आकाशनिरीक्षणाला बळ मिळाले ते मुख्यतः या वादातून. आणि तो वाद चालविणाऱ्यांत मोठ्या वेधशाळांच्या अधिकाऱ्यांपेक्षा साधे शाळामास्तर पुढे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात व भोवतालच्या प्रांतांत पंचांगे दीर्घकाळ तयार होत ती ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास तो रचला. अवघड त्रिकोणमितीला फाटा देऊन ग्रहगणित सुलभ करणे हे त्याचे वैशिष्ट्य. गणिताने आलेले ग्रहाचे स्थान आणि आकाशात दिसणारे स्थान यांचा मेळ बसला पाहिजे, हे आपल्या ज्योतिषाचे जुने तत्त्व असून त्याला ‘दृक्प्रत्यय’ असे नाव आहे. परंतु कोणत्याही गणितातील बारीक चूक वर्षागणिक साचत जाते. सवातीनशे वर्षांनंतर ग्रहलाघवाचे गणित आकाशापासून ढळले होते. ग्रंथाचा मान राखणाऱ्यांनी गणित तसेच चालू ठेवले. ग्रंथामागील तत्त्वाचा मान राखू पाहणाऱ्यांना मात्र ते बदलणे भाग होते.

या दुसऱ्या वाटेने प्रथम गेले ते केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे. तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केलेले आणि पुढे पुण्यात गणिताचे अध्यापन करणारे केरूनाना यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक १८६० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या गणितावर निघालेले पंचांग ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ग्रहणाच्या वेळेचा प्रश्न यामुळे पुष्कळसा सुटला. परंतु लगेच दुसरा उपस्थित झाला: राशिचक्राचा आरंभ आकाशात नेमका कोठे मानावयाचा?

वरवर पाहता हा केवळ पंडितांचा प्रश्न वाटतो, पण त्याचा परिणाम थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत असे. केरूनानांच्या पक्षाने आरंभस्थानासाठी रेवती नक्षत्रातील एक तारा धरला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, चित्रा तारा राशिचक्राच्या बरोबर मध्यावर मानून तिच्या समोरचा बिंदू आरंभाचा धरावा. या दोन आरंभस्थानांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश सरकतो. म्हणून रैवतपक्षाची मकरसंक्रांत चित्रापक्षाच्या संक्रांतीच्या सुमारे चार दिवस आधी येते. महिन्याचे अधिकत्व संक्रांतीवरून ठरत असल्यामुळे काही वर्षी अधिक महिनाही निराळा पडतो, आणि एकाच गावात दोन शेजारी एकच सण महिन्याच्या अंतराने साजरा करतात. आकाशाकडे पाहिले तर दोन्ही पक्षांच्या खुणांतील फरक सहज ध्यानात येतो. चित्रा हा पहिल्या प्रतीचा तेजस्वी तारा असून तो शहरातूनही दिसतो. रेवतीचा तो तारा इतका मंद की, चांदण्या रात्री तो नुसत्या डोळ्यांनी सापडणे कठीण.

याच वादात ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी तिसरा, म्हणजे सायन पंचांगाचा पक्ष मांडला. दीक्षित (१८५३–१८९८) मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ इतका प्रमाणभूत ठरला की, पुढे भारत सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. परंतु सामान्य वाचकाच्या दृष्टीने त्यांचे ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक अधिक जवळचे. ‘रात्रीची दोन घटका मौज’ हे त्याचे दुसरे नावच पुष्कळ सांगून जाते. आकाश ही भीतीची अथवा केवळ मुहूर्ताची बाब नसून अंगणात उभे राहून आनंदाने ओळख करून घेण्याची गोष्ट आहे, असे या गंभीर संशोधकास वाटत होते.

दीक्षितांचे समकालीन व्यंकटेश बापूजी केतकर हेही शिक्षकच. त्यांचा जन्म १८५४ मध्ये नरगुंद येथे झाला आणि आयुष्य बहुतांशी बागलकोट-विजापूरकडे, म्हणजे मराठी व कानडी या दोन्ही भाषांच्या शेजारात गेले. ‘ज्योतिर्गणित’ व ‘केतकी ग्रहगणित’ हे संस्कृत आणि ‘नक्षत्रविज्ञान’ हा मराठी ग्रंथ त्यांनी लिहिला. मात्र त्यांचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः एका भाकितासाठी. गुरूच्या तीन उपग्रहांच्या प्रदक्षिणाकालांत १, २ व ४ असे प्रमाण असते. तसाच संबंध दूरच्या ग्रहांतही असावा, या कल्पनेवरून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असल्याचे मत १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत मांडले. त्यांना त्यांनी ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. त्यांपैकी ब्रह्मा सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट अंतरावर असून त्याचा प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे असावा, असे त्यांचे गणित होते. फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. घरी दुर्बिणी बनविणारा हा शेतकऱ्याचा मुलगाही हौशी निरीक्षकांतूनच वर आलेला. प्लूटोचे सरासरी अंतर ३९.५ पट आणि काल २४८ वर्षे निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले.

आकड्यांचे हे साम्य पाहून ‘प्लूटोचा शोध मराठी माणसाने लावला’ असे अभिमानाने म्हणण्याचा मोह होतो. पण केतकरांनी आयुष्यभर ज्या दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला, तीच कसोटी येथेही लावली पाहिजे. ग्रह आकाशात कोठे शोधावा, हे त्यांनी सांगितले नव्हते. केवळ अंतर व काल दिले होते. विष्णू कधीच सापडला नाही. २००६ मध्ये तर प्लूटोचीच गणना बटुग्रहांत झाली. तेव्हा ते भाकीत बुद्धिमान तर्क म्हणून वाखाणावे, शोध म्हणून नव्हे. त्यांचे टिकलेले कार्य निराळेच आहे. त्यांनी हिरिरीने पुरस्कारिलेला चित्रापक्ष भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात मान्य केला आणि आज बहुतेक मराठी पंचांगे त्याच पक्षाने चालतात. सांगितलेला ग्रह सापडला नाही. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत केतकर रोज भेटतात.

निरीक्षणाची ही शिस्त पुढे संघटित झाली. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशप्रेमींची ही देशातील पहिली संस्था मानली जाते. या शिस्तीचा उपयोग काय, हे आकाशात काही अपरिचित दिसते तेव्हा कळते. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातेत एक प्रखर अग्निगोल दिसला आणि सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाळा गावाच्या परिसरात दगड कोसळले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने गावोगावच्या प्रत्यक्षदर्शींना विचारून त्या अशनीचा मार्ग निश्चित केला. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भापासून माळव्यापर्यंत लोकांनी आकाशात जळत्या तुकड्यांची रांग सरकताना पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडेही पडले. उल्का बहुधा क्षणभरात विझते. हे तुकडे मात्र संथपणे, एकामागून एक, बराच वेळ जात होते. एवढ्या निरीक्षणावरूनही ती उल्का नसावी, हे जाणकारांनी ओळखले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे निदान पुढे झाले.

अशा प्रसंगी पाहणाऱ्याने घड्याळातील वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि दिसण्याचा अवधी एवढ्या चार गोष्टी टिपून ठेवल्या, तरी त्याचे आश्चर्य दुसऱ्याच्या अभ्यासाला उपयोगी पडते. दीक्षित-केतकरांनी याहून निराळे काही केले नाही. फरक इतकाच की, त्यांनी ते जन्मभर केले, आणि टिपलेले छापून ग्रंथालयांच्या कपाटांत पुढील पिढ्यांसाठी ठेवले.