पाच तासांचा आठवा घटक

कॉलेजात 'पर्यावरण' हा विषय सगळ्यांनाच असतो. आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांनाही होता. प्रोजेक्टची फाइल झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायची, त्यामुळे तो कुणी फारसा मनावर घेत नसे. पण हा विषय आपल्या वाट्याला आला कसा, ते बघण्यासारखं आहे.

वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा. कागद हलायला बारा वर्षं गेली. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सगळ्या शाखांना लागू झाला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं. घटक आठ, तास पन्नास.

आता हा अभ्यासक्रम हातात घेऊन घोडेगावच्या एसटी स्टँडवर उभे राहा. देशभरासाठी लिहिलेला तो कागद आंबेगाव तालुक्याचा नकाशा वाटू लागतो.

धरणांचे जंगलांवर आणि आदिवासींवर होणारे परिणाम? घोड नदीवर वरच्या अंगाला डिंभे धरण आहे. ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं गाव त्याच्याच पाण्याखाली गेलं. जैवविविधता? शेकरूसाठी ओळखलं जाणारं भीमाशंकर अभयारण्य १९८५ पासून इथे आहे. आहुप्याला देवराई आहे. अशा देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकातच सुरू केला होता. त्यांना दिसलं, की अनेक गावांनी देवाच्या नावाने जंगल राखलं होतं, तेही कुठल्याही पेपरशिवाय.

आणि भूस्खलन? हा शब्द त्या अभ्यासक्रमाच्या पाचव्या घटकात होता. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. अभ्यासक्रम लागू होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

त्या अभ्यासक्रमाच्या आठव्या घटकात धडा नव्हता, तर जवळची नदी, जंगल किंवा डोंगर स्वतः बघून नोंद करायची होती. त्याला पाच तास आणि शंभरातले पंचवीस गुण होते. फाइल झेरॉक्स व्हायची ती नेमकी याचीच.

एका वर्गाने पाच तासांत काय होणार, असं वाटेल. पण डोंगरउतारावरच्या वाडीत जाऊन विचारता येतं: जमिनीला नवी भेग पडलीय का? झाडं कललीत का? झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का? उतार सरकण्याआधी अशी लक्षणं दिसू शकतात. दर पावसाळ्याआधी नवी तुकडी गेली, तर दहा वर्षांत त्या वाडीची दहा वर्षांची वही तयार होईल. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, फोटोसोबत तारीख आपोआप नोंदली जाते.

कायद्याने विषय सक्तीचा करता येतो. डोंगराकडे बघण्याची सवय मात्र त्या पाच तासांतच लागेल.